सिंकखालचा बत्तीस इंची खण

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार

दिवाळी संपली आणि सिंकखालचं दार निखळून हातात आलं. ते पडणार हे दोन वर्षांपासून दिसत होतंच. खालची बिजागरी गंजून गेलेली, प्लायचे पापुद्रे सुटून दार पुरीसारखं फुगलेलं. दिवाळीभर त्याला सुतळीनं बांधून ठेवलं होतं. आज सुतळी सोडली आणि दार उचलून मागच्या अंगणात टाकलं.

आत काय निघालं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे घरात कुणी "कशाला एवढा खर्च" म्हणालं तर वाचून दाखवता येईल. तारेच्या घासणीचे गंजके तीन गोळे, पितळेच्या भांड्यांसाठी आणलेल्या पावडरीच्या दोन पुड्या (दोन्ही दगड झालेल्या), सासूबाईंचा राखेचा डबा, चिंचेची बरणी, बिनझाकणाचे चार डबे आणि पिशव्यांनी गच्च भरलेली एक पिशवी. मागच्या भिंतीला हातभर ओल. झुरळांबद्दल लिहीत नाही.

घर २००३ सालचं, लातुरातलं. ओट्याखाली उभ्या कडप्प्यांचे खण आहेत, वरचं काळं ग्रॅनाइट नंतर बसवलं. काम एवढंच करायचं: सिंक बदलायचं, त्याचा खण आणि दोन्ही बाजूंचे दोन खण नीट करायचे, वरच्या भिंतीवर काय लावायचं ते ठरवायचं. बाकीच्या ओट्याला हात लावायचा नाही. हे वाक्य मुद्दाम लिहितेय, कारण मिस्त्री आणि आमचे हे एकत्र बसले की काम वाढतं.

मुदत वेळ अमावस्येपर्यंत, म्हणजे शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायच्या आमच्याकडच्या सणापर्यंत. यंदा ती ३० डिसेंबरला, सोमवारी आहे. त्याच्या आदल्या रात्री या स्वयंपाकघरात जेवढी भांडी पडतात तेवढी लग्नातही पडत नाहीत.

९ नोव्हेंबर, शनिवार

शाळा अर्धा दिवस. दुपारी टेप घेऊन बसले. सातवी-आठवीला गणित शिकवते, तरी तीनदा मोजलं आणि तीनदा वेगळं आलं. चूक टेपची नाही, कडप्पाच ओळंब्यात नाही. डावा खण वर १७ इंच भरतो आणि खाली पावणेसतरा. बाजारात ट्रॉली घ्यायची तर लहान आकडाच धरायचा, एवढा धडा आजच मिळाला.

एकूण लांबी ७६ इंच. दीड इंच जाडीचे चार उभे कडप्पे गेले की उरतात ७०. डावीकडे १७, मधे सिंकचा ३२, उजवीकडे २१. आतली खोली २२ इंच. जमिनीपासून ओटा ३४ इंच, पण खालचा ४ इंचांचा कट्टा आणि वरच्या दगडाची जाडी सोडली की आत उभी जागा २८.

ह्यांनी विचारलं, "बत्तीस इंचांत एवढं काय काय बसवणार आहेस?" मी यादी दाखवली. बावीस वस्तू होत्या.

१० नोव्हेंबर, रविवार

मॉड्युलर किचनच्या एका दालनात जाऊन आलो. तिथला मुलगा फार अदबीनं बोलत होता. सिंकखालचं त्यांचं कपाट खरोखर देखणं आहे. दार उघडलं की कचऱ्याचा डबा बाहेर येतो आणि त्याचं झाकण आपोआप वर होतं. शेजारी बाटल्यांची अरुंद ट्रॉली. सिंकच्या पुढच्या पट्टीमागे घासणी ठेवायला कलता खिसा. पाइपाला वळसा घालणारा, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा ड्रॉवर. ओट्यावर द्रव साबणाचा पंप. सगळं हळू बंद होणारं, आवाज नाही.

यू-ड्रॉवर पाहून मी आधी हरखले, मग मोजला. तीस इंची ड्रॉवरमधून पाइपाची जागा वगळली की दोन्ही बाजूंना आठ-आठ इंचांचे कप्पे उरतात, त्यात डिशवॉशच्या बाटल्या आणि हातमोजे बसतात. आमच्याकडे दोन्ही नाहीत.

निघताना सवयीनं नळ फिरवून पाहिला. सुंईऽऽ असा वाऱ्याचा आवाजसुद्धा आला नाही. तो नळ कशालाच जोडलेला नव्हता.

सासूबाईंना फोनमधले फोटो दाखवले. सगळे शांतपणे पाहिले आणि एवढंच विचारलं, "आन् पाणी कुठं ठेवणार तू ह्याच्यात?"

११ ते १६ नोव्हेंबर

सासूबाईंचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून फ्रिजवर कागद चिकटवला. सिंकपाशी कोण आलं, कशासाठी आलं, खाली वाकावं लागलं का, एवढंच. सगळ्यांनी खूण करायची. पहिल्या दिवशी मुलानं सगळ्या रकान्यांत खुणा करून ठेवल्या, तो कागद फाडला.

शनिवारी रात्री बेरीज केली. दिवसाला चाळीसेक वेळा कुणी ना कुणी सिंकपाशी येतं. त्यात खाली वाकणं फक्त पाच वेळा, आणि त्या पाचांतल्या तीन वेळा बादलीसाठी. फिल्टरचं फेकाऊ पाणी जिथं जमा होतं ती बादली. एकदा खरकट्याचा डबा. एकदा पावडर किंवा चिंच. म्हणजे आपण कपाट सजवणार होतो साबणासाठी, आणि वाकतो आहोत पाण्यासाठी.

दुसरी गोष्ट जास्त टोचली. मंगळवारी वरची टाकी संपली ती शुक्रवारी नळ येईपर्यंत रिकामीच होती. आमच्या भागात नळ आठ-दहा दिवसांनी येतो. त्या दिवसांत सिंकचा नळ नुसता शोभेला. ओट्याच्या कोपऱ्यात तोटीची स्टीलची टाकी ठेवायची, तोटीखाली धरून कप धुवायचे, नाहीतर बादली आणि तांब्या. टाकीची तोटी सिंकपर्यंत पोचत नाही म्हणून खाली ताट, ताटात पाणी, ते ओट्यावर सांडलं की मागच्या भिंतीत. ओल कुठून येते हे मी दोन वर्षं प्लंबरला विचारत होते.

मोठी भांडी मावशी मागच्या मोरीवरच घासतात, पाटावर बसून. सिंकमध्ये चहाचे कप, भाजी धुणं, हात धुणं आणि रात्रीची ताटं एवढंच. मग खोल, दोन भांड्यांचं सिंक कशाला हवं होतं मला? शेजारणीकडे आहे म्हणून. कागदावर तसं लिहिलं नव्हतं, पण होतं.

यंदा पाऊस बरा झालाय, त्यामुळे घरात कुणी पाण्याची काळजी करत नाही. पण २०१६ चा उन्हाळा मी याच ओट्यापाशी काढलाय. मार्चमध्ये पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा घरातलं प्रत्येक पातेलं भरून ठेवलेलं असायचं आणि स्वयंपाक करायला पातेलं मिळत नसे. ओटा बदलताना पाऊसमान बघून ठरवायचं नसतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

मिस्त्री आले. चहा झाला. मी आराखडा समोर ठेवला, त्यांनी उलटा धरून पाहिला, मग सुलटा.

त्यांचं म्हणणं: कडप्प्याच्या आत ७१० नंबरची प्लाय घालून पूर्ण बॉक्स करू. "मॅडम, ही प्लाय बहात्तर तास उकळली तरी पापुद्रा सुटत नाही." खरं आहे, मरीन प्लायच्या प्रमाणात तशी चाचणी असते. साध्या प्लायला ती झेपत नाही. पण आमच्या सिंकखाली पाणी उकळत नाही, झिरपतं. आणि ते बहात्तर तास नाही, वर्षानुवर्षं झिरपतं. शिवाय ३२ इंची खणात दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण इंचाची प्लाय घातली की दीड इंच गेला, सतराच्या खणात तर तो फार जाणवणार.

दुसरा पर्याय त्यांनीच सांगितला: प्लास्टिक आणि लाकडाच्या भुशाचा बोर्ड. पाण्यानं फुगत नाही, वाळवी लागत नाही. पण बिजागरीचा स्क्रू दोनदा काढला की तिसऱ्यांदा आवळत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. या माणसाचा हा गुण मला आवडतो. माल विकतानाही खोट सांगतात.

शेवटी बॉक्सच रद्द केला. कडप्पा हाच बॉक्स. एकवीस वर्षांत त्याला काही झालेलं नाही, फक्त घासून धुवायचा. दाराला ॲल्युमिनियमची चौकट आणि तिच्यात भोकांचा पत्रा, म्हणजे आत हवा खेळेल. सासूबाईंना पत्र्याचा नमुना दाखवला तर म्हणाल्या, "आमच्या फडताळाला अशीच जाळी होती." पसंती मिळाली.

सिंकच्या दुकानात तासभर गेला. दुकानदारानं चुंबक काढलं, सिंकला लावलं, ते खाली पडलं. "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४." हे बरोबर नाही. ३०४ या चांगल्या प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवतात, पण चुंबक त्यालाही सहसा चिकटत नाही. चुंबकानं फक्त त्याहून हलका माल ओळखता येतो. मिस्त्रींनी भंगारवाल्या ओळखीच्याकडून थेंबाची बाटली आणली होती. ती सिंकच्या मागच्या बाजूला लावून वर बॅटरीचा सेल टेकवायचा, थेंब लाल झाला की मँगनीज जास्त. पहिल्या सिंकवर लाल झाला. दुकानदार म्हणाला, "हा डिस्प्लेचा पीस आहे." दुसऱ्यावर झाला नाही, ते घेतलं.

बोअरचं पाणी जड असलं की हा फरक महत्त्वाचा. हलक्या स्टीलवर क्षाराच्या कडेनं तांबूस ठिपके येतात, ते चिंचेनं जातात आणि आठवड्यात परत येतात.

माप २४ बाय १८, खोली ९ इंच, एकच भांडं. पाणी जाण्याचं भोक मधोमध नको, मागच्या कोपऱ्यात हवं, यासाठी दोन दुकानं जास्त फिरलो. भोक मागे गेलं की बॉटल ट्रॅप (सांडपाण्याचा वास अडवणारा बाटलीसारखा सांधा) आणि पाइप भिंतीला चिकटतात आणि भांड्याच्या बुडाखालची जवळपास १९ इंच उंची पुढच्या बाजूनं सगळी मोकळी मिळते. दालनातल्या यू-ड्रॉवरचा सगळा खटाटोप त्या मधल्या भोकामुळे होता.

१९ ते २१ नोव्हेंबर

निवडणुकीची ड्यूटी. १९ ला पेट्या घेऊन केंद्रावर गेले ती २० ला मध्यरात्री परत. २१ ला उठून स्वयंपाकघरात आले तर ग्रॅनाइटला सिंकच्या मापाचा काप झालेला, आणि काप छान होता, पण उजव्या कोपऱ्यात रुपयापेक्षा मोठं एक गोल भोक जास्तीचं.

"हे काय?"

"साबणाच्या पंपाचं," हे म्हणाले. "कापणारा म्हणाला आता मशीन आहे तर मारून घ्या, नंतर वेगळे पैसे पडतील."

मी काही बोलले नाही. ड्यूटीवरून आल्यावर माणसाला भांडायला ताकद नसते. मावशींनी मात्र भोकात बोट घालून पाहिलं. "ताई, मला साबणाची वडी हाताशी पायजे. ते पंप दाबूस्तोर माझं अर्धं भांडं घासून होतंय." शिवाय त्यांच्या हातात घासणी असते, पंप दाबायला तिसरा हात आणायचा कुठून?

दगडातलं भोक बुजत नाही. बुजवलं तरी दिसतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस भिंतीचा.

सिंकच्या वर खिडकी नाही, साडेतीन फूट मोकळी भिंत आहे. माझ्या मनात तिथं भांडी निथळायचं कपाट होतं. ही कल्पना फिनलंडची. माइयू गेब्हार्ड नावाच्या बाईंनी १९४४-४५ च्या सुमारास तिथल्या श्रमकार्यक्षमतेच्या संस्थेत ती रुजवली. सिंकच्या डोक्यावर कपाट, त्याला तळ नाही, आत तारांचे कप्पे. धुतलेलं ताट तसंच ओलं वर उभं करायचं, पाणी ठिबकून सिंकमध्ये पडतं, पुसायचं नाही, पुन्हा उचलून दुसरीकडे ठेवायचं नाही. ताट ओलं असतानाच ते त्याच्या कायमच्या जागी जातं. कुणाचा किती वेळ कशात जातो हे मोजून त्यांनी ही गोष्ट लावून धरली होती. फ्रिजवरच्या कागदामुळे मला त्या उगाच ओळखीच्या वाटतात.

मिस्त्रींनी स्टीलची चार फुटी मांडणी सुचवली. ताटं, वाट्या, पेले, वर दोन पातेली. सगळं डोक्यावर.

सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "डोक्यावर जड नको."

मिस्त्री हसले. "आजी, फास्टनर मारतो ना. हत्ती लटकला तरी हलणार नाही."

"नको म्हणले ना."

त्या औसा तालुक्यातल्या. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली, तेव्हा त्या माहेरी होत्या. किल्लारीपासून फार लांब नाही. माळवदाचं घर, दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, आणि वर दरवर्षी चढवत नेलेली माती. लोक पडलेल्या भिंतींखाली आणि त्या मातीखाली गेले. त्यांच्या घराची एक खोली उभी राहिली. तिच्यात भिंतीवरची तांब्या-पितळेची उतरंड आणि फळी खाली आली होती आणि त्याखाली पाळणा होता. पाळण्यातलं मूल आदल्या रात्री गणपती बघायला आजीबरोबर शेजारी गेलेलं, तिथंच झोपलं होतं. ते मूल म्हणजे आमचे हे.

मला लग्नानंतर एवढ्या वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. आज मांडणीवरून निघालं. ह्यांनी मिस्त्रींच्या हातातून ड्रिल घेतलं आणि पेटीत ठेवलं.

ठरलं ते असं. डोक्याच्या वर काहीच नाही. खांद्याच्या उंचीला, सिंकच्या बरोबर वर, एकच दोन फुटी जाळी: कप, पेले, वाट्या आणि सहा ताटं उभी, त्याहून जास्त मावणार नाहीत अशीच. खाली तळ नाही, ठिबक सिंकमध्ये. फिनलंडचं कपाट आमच्याकडे खांद्याएवढंच आलं. फास्टनर मात्र विटेत नाही, दोन्ही टोकं काँक्रीटच्या पट्टीत. मागची छोटी जाळी प्लास्टिकच्या गुल्ल्यांसकट निघून आली होती ती विटेतूनच.

१ डिसेंबर, रविवार

सिंक बसलं. दगडाच्या खालून लावलं, म्हणजे ओट्यावरचं पाणी फडक्यानं सरळ आत ओढता येतं, कडेला घाण साचायला ओठ नाही. असं सिंक नुसत्या सिलिकॉनवर लटकवतात आणि दोन वर्षांत ते खाली बसतं. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंनी कडप्प्याच्या पट्ट्या देऊन आधार दिला. पाइप जिथं खाली नहाणीच्या ट्रॅपमध्ये जातो तिथं रबरी कडं घालून फट बंद केली. झुरळं याच फटीतून यायची.

साबणासाठी सिंकच्या मागे दगडाची चार इंची पट्टी बसवली आहे, सिंककडे किंचित उतार आणि मशीननं मारलेल्या तीन खाचा. वडी कोरडी राहते, पाणी निथळून जातं. खर्च जवळजवळ शून्य, ग्रॅनाइटचा तुकडा कापातूनच निघाला होता. मावशींनी वडी ठेवली, उचलली, परत ठेवली. पसंत असावी.

आज मुख्य निर्णय झाला, म्हणजे टाकीचा. डावीकडे, सिंकला लागून, दालनवाल्यांनी जिथं निथळायचा पाट सुचवला होता, ती चौदा इंचांची जागा वीस लिटरच्या तोटीच्या टाकीला. खाली बरोबर उभा कडप्पा येतो, त्यामुळे वीस किलो पाण्याचं वजन दगडाच्या मधोमध पडत नाही. टाकीखाली सहा इंची स्टीलचा घोडा, तोटी सिंकच्या आत तीन इंच. आता नळ नसला तरी नळ आहे. ओट्याची ही सगळ्यात मोक्याची जागा. मिस्त्री म्हणाले, इथं मिक्सर छान बसला असता. बसला असता.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी पाय ओले झाले म्हणून कळलं.

आमचा फिल्टर १ लिटर पाण्यामागे सव्वादोन लिटर फेकतो, मोजून पाहिलंय. दिवसाला बारा लिटर प्यायला-स्वयंपाकाला, म्हणजे सत्तावीस लिटर खारं पाणी. फरशी, मोरी, संडास यांना ते चालतं, झाडांना घालत नाही. मंगळवारी त्यासाठी सिंकखाली वीस लिटरचा कॅन ठेवला. आणि फिल्टरची नळी खाली कशी न्यायची हा प्रश्न पडला तेव्हा साबणाच्या पंपाचं भोक आठवलं. नळी त्यातून बरोबर उतरली. ह्यांच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते नोंदवत नाही.

पण कॅन वीसचा आणि पाणी सत्तावीस. रात्री कुणी ओतला नाही. सगळा खण, खालचा कट्टा, जमीन. प्लायचा बॉक्स असता तर आज पहिलं बाळंतपण झालं असतं त्याचं. कडप्पा पुसला आणि संपलं.

दुपारी दुरुस्ती: कॅनच्या गळ्याखाली भोक पाडून त्याला दुसरी नळी लावली आणि ती सांडपाण्याच्या पाइपात सोडली. भरला की जास्तीचं आपोआप जातं. कॅन चार चाकांच्या पाटीवर ठेवलाय, ओढून बाहेर काढता येतो. दालनात कचऱ्याचा डबा असा बाहेर यायचा, आमच्याकडे खारं पाणी येतं.

खणात कॅनशिवाय आणखी दोनच गोष्टी: पावडर-चिंच-राखेची एक टोपली आणि एक रिकामी बादली. बावीस वस्तूंची यादी फाडली. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, एवढं मोकळं सोडूलालात, लोकं म्हणतील मिस्त्रीनं काम अर्धं टाकलं."

१५ डिसेंबर, रविवार

बाजूचे खण. डाव्या सतराच्या खणात बाटल्यांची ट्रॉली नको म्हटलं. तिथं उभ्या पट्ट्या मारून तीन-तीन इंचांच्या फटी केल्या: परात, तवे, पोळपाट, चाळण्या, कढईची झाकणं. सगळं पुस्तकांसारखं उभं. सर्वांत पुढे, दाराला लागून, खरकट्याचा डबा. शेजारच्या गोठ्यात जातो तो, म्हणून आडवाटेला नको.

उजव्या एकवीसच्या खणात १९ इंची स्टीलच्या दोनच ट्रॉल्या. कडप्प्यात स्क्रू जात नाही, म्हणून दोन्ही बाजूंना अर्धा इंच पट्टी आणि अर्धा इंच चॅनेल, हिशेब जुळतो. वर चार इंची चमच्यांची, तिच्याखाली आठ इंची ताटांची. तिसरी कप-बशीची ट्रॉली दुकानदार सेटमध्ये देत होता, घेतली नाही. खाली सुमारे चौदा इंचांची जागा रिकामी ठेवलीय. कशासाठी ते मला आणि सासूबाईंना माहीत आहे.

१८ डिसेंबर

नळ आला. टाकी भरली, कॅन रिकामा केला. काही सांडलं नाही.

२२ डिसेंबर, रविवार

हिशेब. सिंक ६,८००. ग्रॅनाइट काप आणि पट्टी १,५०० (भोकासकट). दारं तीन मिळून ५,४००. ट्रॉल्या, चॅनेल ४,२००. जाळी १,१००. कॅन, चाकं, नळ्या ६५०. घोडा ४००. मिस्त्री आणि प्लंबर ७,५००. एकूण २७,५५०. दालनवाल्यांनी फक्त सिंकच्या कपाटाचे ४८,००० सांगितले होते, सिंक वेगळं.

दोन गोष्टी फसल्या तेही लिहिते. भोकांच्या पत्र्यावर पिठाची धूळ बसते आणि पुसताना फडकं अडकतं. आणि जाळीच्या तारांवर आठ-पंधरा दिवसांतच क्षाराची पांढरी पुटं दिसायला लागलीत. दर रविवारी लिंबाची साल फिरवायची, दुसरा उपाय नाही. त्याचं कारण ना जाळी ना मिस्त्री, पाणीच तसं आहे.

२९ डिसेंबर, रविवार

आंबील कालच लावलीय. सकाळपासून भज्जीची तयारी: वाटाणे, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचा पाला, गाजरं, चिंच. धुवायला घेतलं आणि अर्ध्यातच वरची टाकी संपली. तोटी सोडली. सगळा पाला टाकीच्या पाण्यावर निघाला, ओटा कोरडा, भिंत कोरडी.

मग सासूबाईंनी माळ्यावरून काढलेलं बिंदगं (घागर) आणलं. उद्या आंबील यातूनच शेतात जाणार. वर्षभर ते माळ्यावर असतं, यापुढे खाली राहणार म्हणून त्या दोन आठवडे त्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. खाली बसून त्यांनी ते आत सरकवलं. काठ ताटांच्या ट्रॉलीला अडला. अर्धा इंच.

मी टेप आणली. त्यांनी बिंदगं बाहेर काढलं, थोडं तिरकं केलं आणि परत आत घातलं. गेलं.

"मोजून काय होतंय," असं काहीतरी त्या पुटपुटल्या, मला नीट ऐकू आलं नाही.

मावशींना उद्या सुट्टी, त्यांचं स्वतःचं शेत आहे. भांडी हे घासणार आहेत, तसं कबूल झालंय. राहिलेलं काम एकच: ताटांच्या ट्रॉलीचा डावा चॅनेल खरखरतो. मिस्त्री गुरुवारी येतो म्हणालेत. कोणत्या गुरुवारी ते विचारायचं राहून गेलं.